एका रिमोटवर दोन हात

गेल्या रविवारी सुरतेतल्या एका कॉम्प्युटर क्लासात बसून मी सात वेळा मेले. मेले ते पडद्यावर, पण छाती खरीच धडधडत होती.

मुलाला घ्यायला गेले होते. आठ वर्षांचा आहे. रविवारी क्लासचे सर पोरांना तासभर गेम खेळू देतात. मला दारात ताटकळलेली पाहून ते म्हणाले, "आवो ने बेन, बेसो." मी नकोच म्हणणार होते, पण मुलानं खुर्ची सोडली आणि सरांना सांगून टाकलं, "माझी आई पण खेळते. लग्नाच्या आधीपासून." सर हसले, पोरांनी माना वळवल्या. आता उठून जाणं जास्त लाजिरवाणं झालं असतं, म्हणून बसले.

खेळ नवा होता. हातात बंदूक घेऊन एका तळघरातून चालायचं. चालणारा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा हात दिसतो, म्हणजे चालणारे आपणच. मान वळवली की सगळं तळघर वळतं. मला गरगरायला लागलं. भिंतीला तोंड लावून उभी राहिले तर दार कुठं गेलं ते कळेना, आणि पाठीमागून कोणीतरी गोळ्या घालून गेलं. मुलगा म्हणाला, "आई, घाबरू नको, मी सेव्ह केलंय."

"म्हणजे काय केलंयस?"

"म्हणजे मेलीस तरी इथूनच सुरू होतं. मागचं जात नाही."

मागचं जात नाही! मी मुळात घाबरट बाई आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघते. गावाहून पत्र आलं की आधी शेवटच्या ओळी वाचते, सगळे बरे आहेत का ते पाहते, मग वरून सुरुवात करते. अशा बाईला असा खेळ आवडायला हवा होता. पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. त्या खेळाला दोन्ही हात लागतात, डावा चालायला आणि उजवा मारायला. मी मुलाला विचारलं, "आणि एकच हात चालत असला तर?"

त्यानं कुठलंसं पान उघडलं. "मग बटणं बदलायची. सगळी एका बाजूला घ्यायची. बघ, सोपं आहे."

सोपं आहे. पण घरी येईपर्यंत, आणि नंतर आठवडाभर, मला धुळ्याची ती दुपार सोडेना.

*

पहिला व्हिडिओ गेम मी जळगावात पाहिला, सातवी संपली त्या उन्हाळ्यात. सातवी संपली म्हणजे माझ्यापुरती शाळाच संपली. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग होते. पुढं शिकायचं तर पहूरला जायचं, आणि "पोरीची जात, रोज एवढ्या कापसाच्या वावरांतून एकटी जाईल का?" एवढ्या एका वाक्यावर विषय मिटला. कुणी रागावलं नाही, कुणी रडलंही नाही. मोठा भाऊ तेव्हा जळगावला वसतिगृहात राहून शिकत होता. त्याला मात्र आतून लागलं असावं. मला चष्मा लागतोय का बघू, असं निमित्त काढून तो मला जळगावला घेऊन गेला. डोळे चांगले निघाले. मग त्यानं मला स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात नेलं. तिथं कपाटाएवढं एक खोकं होतं, त्याला काळी काच, आणि काचेत दोन पांढऱ्या काठ्या नि एक चौकोनी ठिपका. ठिपका आपल्याकडे आला की काठीनं परत लावायचा. बस, एवढंच.

भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या. भाऊ हरला. मुद्दाम हरला का, ते विचारायचं अजून राहिलंय. पण मला जिंकण्याचं काही वाटलं नव्हतं. मी खालचं बटण वळवलं की ती काठी वर जात होती, त्याचं नवल वाटलं. इतक्या लगेच, काही न विचारता माझं ऐकणारं तोवर मला काही भेटलं नव्हतं.

पुढं अठरा पूर्ण झाल्यावर लग्न होऊन धुळ्याला आले. पहूर, जळगाव, पारोळा, धुळे. आता सुरतेत बसून हे अंतर हातभर वाटतं, पण तेव्हा गाड्या बदलत सगळा दिवस जायचा. 'मला'ला आमच्याकडे 'मले' म्हणतात, धुळ्याकडे 'माले'. तेवढ्यावरूनही सासरच्या बायकांचं मला पहिली दोन वर्षं हसून झालं.

माझे सासरे बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायचे, माईकवरून पुकारायचे. सगळं घर त्यांना आबा म्हणायचं, मीही मनात आबाच म्हणायचे. मनात, कारण सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. डोक्यावर पदर, समोर खाटेवर बसायचं नाही, थेट शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच असलं तर मध्ये कुणाला तरी घालायचं. मुलगा झाल्यावर माझी सोय झाली. तो पाळण्यात असल्यापासून मी त्याला सांगायची, "बाळा, आबांना म्हण, पान वाढलंय." आबाही त्यालाच सांगायचे, "तुनी मायले म्हणा, येस," म्हणजे आलोच.

पण माहेरी निघाले की आबा स्वतः मला गाडीत बसवून द्यायचे. कंडक्टरला म्हणायचे, "मनी सून शे. जळगावले पहूरनी गाडीमा बसाडी देजो." गाडी सुटताना मागून माईकवर त्यांचा आवाज यायचा, "पारोळा, एरंडोल, जळगावकडे जाणारी गाडी सुटत आहे…" त्या आवाजाला धरून मी पारोळ्यापर्यंत जायची. मला प्रवासाची फार भीती. ती भीती त्यांनी ओळखली होती. ह्या माणसानं मला कधी एक शब्द विचारला नव्हता, तरी ओळखली होती.

*

मुलगा दोन वर्षांचा असताना, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, आबांच्या अंगावरून वारा गेला. उजवी बाजू. पाय महिन्याभरात काठीच्या आधारानं जमिनीवर टेकला. हात मात्र कोंबडीच्या पायासारखा आखडून पोटाशी आला. जीभ जड झाली. स्टँडभर ज्यांचा आवाज फिरायचा, त्यांना 'पाणी' म्हणायला तोंड वाकडं करावं लागायचं. त्यांना त्याची इतकी लाज वाटली की त्यांनी बोलणंच बंद केलं. सकाळ-संध्याकाळ खाटेवर, तोंड भिंतीकडे.

व्यायाम शिकवणारे डॉक्टर म्हणाले, सहा महिने हाताचे. त्यात जे परत येईल ते येईल, नंतरचं सांगता येत नाही. रबराचा चेंडू दाबायचा, फुगे फुगवायचे. आबांनी चेंडू दारातून बाहेर फेकला. फुग्याकडे असं पाहिलं की सासूबाईंनी तो उचलून फडताळात ठेवून दिला.

आणि वैशाखात नणंदेचं लग्न होतं. आधीच ठरलेलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर चौथ्या दिवशी. बसून मोजलं तर नेमके सहा महिने भरत होते.

एका सकाळी चुलत सासरे आले. ओट्यावर बोलणं निघालं. वराची ओंजळ, तिच्यावर नवरीची, तिच्यावर बापाची. आई वरून तांब्याची धार धरते आणि पाणी तिन्ही ओंजळींतून खाली उतरतं, असं आमच्याकडे कन्यादान. आबांच्या उजव्या हाताची ओंजळ होत नव्हती आणि नुसत्या डाव्यानं ते करायचं नाही. तेव्हा चुलत सासरे भल्या मनानं म्हणाले, "मी उभा ऱ्हाईसु. मनीबी पोरच शे ती." कुणाचं काही चुकत नव्हतं. आत खाटेवर आबा होते, दार उघडं होतं. मी चहा घेऊन मध्येच उभी. आतून धपधप आवाज आला. आबा डाव्या हातानं खाट बडवत होते. आम्ही धावलो. सगळं तोंड लाल. जीभ लोटत लोटत त्यांनी एकच अक्षर बाहेर काढलं.

"मी."

मग पुन्हा, "मी!"

चुलत सासरे म्हणाले, "हां भाऊ, तुम्हीच." पण ओट्यावर येऊन त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. आबांना काय हवंय ते त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते होईल असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

*

माझे यजमान तेव्हा सुरतेला यंत्रमागांच्या दुरुस्तीवर होते, महिन्यातून एकदा यायचे. संक्रांतीला आले ते टीव्हीगेम घेऊन. "पोरासाठी आणलाय," म्हणाले. पोरगा अडीच वर्षांचा! दोन दिवस स्वतःच खेळले आणि परत गेले.

काळा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. दुसऱ्या रिमोटची वायर पहिल्याच आठवड्यात मुलानं चावून ठेवली, त्यामुळे उरला एकच. आमचा लहान टीव्ही, काळा-पांढरा. चॅनेलचं बटण फिरवून फिरवून चित्र आणायचं. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. त्यात रणगाड्यांचा खेळ होता. खाली मधोमध विटांनी राखलेलं आपलं ठाणं, वरून शत्रूचे रणगाडे येतात. आपला एक रणगाडा. डाव्या अंगठ्यानं फिरवायचा, उजव्यानं गोळा टाकायचा.

त्या दुपारी सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. लग्नाचे पापड, म्हणजे संध्याकाळपर्यंत येत नाहीत. मुलगा झोपलेला. आबाही झोपलेत असं वाटलं. मी आवाज बारीक करून खेळायला बसले. चांगली रंगले. तेवढ्यात मागून आलं, "हं! हं!"

आबा कुशीवर वळून टीव्हीकडे बोट दाखवत होते. माझ्या पाठीमागून एक रणगाडा ठाण्याकडे उतरत होता. मी इतकी दचकले की रिमोट हातातून पडला. पदर घेतला. काय करावं सुचेना, म्हणून रिमोट उचलून खाटेच्या कडेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात पळाले.

दाराआडून पाहिलं. आबांनी डावा हात रिमोटवर ठेवला होता. रणगाडा फिरत होता. छान फिरत होता! इतकी वर्षं गाड्या फलाटाला लावलेला माणूस, कोपऱ्यातून काढून बरोबर शत्रूसमोर नेऊन उभा करायचे. आणि तिथं उभे राहायचे, कारण गोळा टाकायला हातच नव्हता. शत्रू यायचा नि उडवून जायचा. ठाणं पडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. आबा पुन्हा सुरू करायचे. चौथ्या वेळेला त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मी आले. खाटेला टेकून खाली जमिनीवर बसले, पदर दातांत धरला, आणि हात वर करून एक बोट गोळ्याच्या बटणावर ठेवलं. आबा वर, मी खाली. मध्ये एक रिमोट.

पण बोलल्याशिवाय दोघांचा खेळ होतो होय? शत्रू मागून येतोय हे सांगायचं कसं? मी सवयीनं म्हणाले, "बाळा, आबांना सांग, मागं बघा म्हणावं." बाळ घोरत होतं. आबांनी बाळाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि एकदम हसले. अर्ध्याच तोंडानं, पण दिवाळीपासून पहिल्यांदा. रणगाडा गेला तो गेलाच. मलाही हसू आवरेना. दुसऱ्या डावात मी युक्ती काढली. थेट रणगाड्याशीच बोलायला लागले. "अरे रणगाड्या, मागं बघ. रणगाड्या, डावीकडं घे की." रणगाड्याशी बोलायला कुठली रीत आड येते?

आणि आबांना गोळा हवा असायचा तेव्हा त्यांना मला सांगावंच लागायचं. पहिले दोन दिवस नुसतं "हं." तिसऱ्या दिवशी "ह… हान." आठवड्यात "हान!" असं स्वच्छ, की ओट्यावरचं कुत्रं उठून जायचं.

सासूबाईंनी आम्हाला पकडलं ते पंधरा दिवसांनी. पापडाचं पीठ संपलं म्हणून दुपारीच परत आल्या. दारात उभ्या. मी ताडकन उठले.

"हाई काय चालनं?"

सासरा खाटेवर, सून खाटेला टेकून, पदर खांद्यावर. मी मनात माहेरची पिशवीसुद्धा भरली. तेवढ्यात आबा म्हणाले, "बस." सासूबाईंना नव्हे. माझ्याकडे बघून, मला. सहा वर्षांत माझ्याशी थेट बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

सासूबाई आत आल्या, पिठाचा डबा घेतला आणि जाताना बाहेरचं दार सताड उघडून गेल्या. "लपीसन करशात ते लोके बोलतीन. दार उघाडं ऱ्हाऊ द्या."

लोक मग काय, बघायलाच आले. पापड लाटायच्या बायका दारातून डोकावून जायच्या. एक म्हणायची, "सासरा गाडी चालाडस नि सून तोफ!" दुसरी म्हणायची, "बरं शे, भांडण भाहेर काढानी गरज नही." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आबांना नाही. स्टँडवर आयुष्य काढलेला माणूस, गर्दीत त्यांचा हात जास्तच चालायचा.

*

माघ अर्धा सरला तेव्हा आबांनी आपण होऊन डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि आणून रिमोटवर ठेवला. अंगठा माझ्या बोटाशेजारी. मी बोट काढून घेतलं. "रणगाड्या, दाब." अंगठा मेलेला. दुसऱ्या दिवशीही मेलेला. फुगा न फुगवणारे आबा कॅसेटमध्ये मात्र फुंकर मारायचे, तोंडाच्या वाकड्या बाजूनं हवा निसटायची, पुन्हा मारायचे. रोज उजवा अंगठा बटणावर, आणि रोज पहिले तीन डाव फुकट मारून घ्यायचे. मग माझ्याकडे पाहायचे, मी बोट ठेवायची, खरा खेळ सुरू व्हायचा.

होळीच्या सुमाराला एक गोळा सुटला. मी म्हटलं मुलानं वायर हलवली असेल. मग दुसरा सुटला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोललं तर जाईल असं मला वाटलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच माहीत.

पण आता निराळंच झालं. अंगठा दाबायचा तो सुटायचा नाही. हात आखडून बटणावरच बसायचा, गोळ्यावर गोळा, आणि रणगाडा खाली वळला की आमच्याच ठाण्यावर. आपल्या हातानं आपलं ठाणं आम्ही किती वेळा पाडलं असेल! आबा चिडले की हात आणखी आवळायचा. मग मी खालून हळू म्हणायची, "सैल, रणगाड्या. सैल." श्वास सोडल्यासारखं म्हणायचं. आबा डोळे मिटायचे. बोटं एकेक करून उलगडायची. दाबायला महिना लागला, सैल करायला दोन.

ठाणं पडल्यावर येणारी ती इंग्रजी अक्षरंही मला आबांनीच वाचायला शिकवली. त्यांना जीभ वळवायची होती आणि मला अक्षरं ठाऊक नव्हती. ते "ग… गे… म" म्हणत डाव्या बोटानं दाखवायचे, मी मागून म्हणायची. आज मी मुलाच्या वहीतलं थोडंफार इंग्रजी वाचते, ते असं हरून हरून आलेलं आहे.

आखाजीला भाऊ मला दोन दिवसांसाठी न्यायला आला. आखाजीला लेक माहेरी जाणार नाही, असं आमच्याकडे होत नाही. झोके बांधलेले असतात, मैत्रिणी आलेल्या असतात. मी त्याला सांगितलं, ह्या वर्षी नाही. त्याला वाटलं सासरी अडवलं. मी टीव्हीकडे बोट दाखवलं, आबा खेळत होते. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तू अजून जिंकतेस का?"

"नाही," म्हटलं, "आता आम्ही सारखे हरतो."

त्याला स्टँडवर सोडायला मी गेले नाही. मोरीत जाऊन रडले. चौथ्या दिवशी लग्न होतं.

*

लग्नाच्या सकाळी आबांचा हात उलगडत होता. मी स्वतः पाहिलं, पाटावर बसताना बोटं सरळ होती. चुलत सासरे धोतर नेसून जवळच तयार उभे होते, लागलंच तर म्हणून.

वराची ओंजळ झाली. तिच्यावर नणंदेची. आबांनी दोन्ही हात पुढं केले. आणि मांडवभर माणसं बघतायत, गुरुजींचा आवाज चढलाय, पोरगी समोर रडतेय, अशात उजवा हात मिटला. मूठ झाली. पांढरी पडेपर्यंत घट्ट.

सासूबाईंच्या हातात तांब्या. धार धरायची कुठं? गुरुजी थांबले. म्हणाले, "होऊ द्या, सावकाश." पण सावकाश म्हटलं की माणूस जास्त घाबरतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! आबांच्या कपाळावर घाम आला. मूठ आणखी आवळली. चुलत सासऱ्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. आबांनी मान वर केली आणि बायकांच्या घोळक्यात नजर फिरवायला लागले. कुणाला शोधतायत ते मला कळलं.

मी शेवटल्या रांगेत, पदर कपाळाच्या खाली. मुलगा कुठंतरी मांडवात खेळत होता. आणि रणगाडा काही तिथं नव्हता.

"आबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला, म्हणजे सगळ्यांनाच गेला असणार. "आबा, सैल. सैल."

पुढल्या रांगेतल्या एका म्हातारीनं मागं वळून म्हटलं, "हाई बाई! सासराले हाक मारस?"

आबांनी डोळे मिटले होते. मी पुन्हा म्हणाले, "सैल, आबा." अंगठा सुटला. मग तर्जनी. मधली दोन बोटं अर्धी. करंगळी काही उलगडली नाही, तशीच वाकडी राहिली. सासूबाईंनी वाट पाहिली नाही, धार सोडली. अर्धंअधिक पाणी करंगळीच्या फटीतून आबांच्या मांडीवर गेलं. उरलेलं खाली नणंदेच्या हातांत उतरलं. गुरुजी म्हणाले, "पोचलं," आणि पुढचा मंत्र धरला.

ती म्हातारी अजून माझ्याकडेच बघत होती. सासूबाईंनी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि तिथूनच तिला म्हणाल्या, "मंग काय व्हयनं? तिनीच शिकाडं त्यास्ले."

मला कौतुक नको होतं, फक्त रागावू नयेत एवढंच हवं होतं. पण ते वाक्य मी जपून ठेवलंय. सुरतेच्या खोलीत एकटी असले की कधीकधी काढून बघते.

*

आता ह्या नव्या खेळांचं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ते तळघर करणाऱ्यानं काय डोकं चालवलं असेल! मागचं जात नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे. आमच्या खेळात वीज गेली की सगळं गेलं, आणि धुळ्यात वीज रोजच जायची. बटणं बदलायची सोय तर मला फारच माणुसकीची वाटते. कुठंतरी एखादा एका हाताचा माणूस आज त्या सोयीमुळे खेळत असेल.

पण आठवडाभर मी हाच विचार करतेय, की ती सोय आमच्या डब्यात असती तर? मी घाबरट, मला दुसऱ्याची तकलीफ बघवत नाही. मी पहिल्याच दुपारी सगळी बटणं आबांच्या डाव्या हाताखाली आणून दिली असती आणि चांगलं काम केलं म्हणून स्वयंपाकघरात गेले असते. आबा मजेत एकटे खेळले असते. मग त्या उजव्या हाताला रिमोटवर यायचं कारण काय राहिलं असतं? आणि मला खाटेपाशी बसायचं? डॉक्टर म्हणतील, हात यायचा तेवढा आलाच असता. असेलही.

ह्या दिवाळीला धुळ्याला गेलो होतो. मुलानं माळ्यावरून तो डबा काढला. पिवळी कॅसेट लागेना. त्यानं फुंकली, यजमानांनी फुंकली. आबा म्हणाले, "आण अठे." बोलणं आता जड आहे, पण बोलतात. त्यांनी वाकड्या तोंडानं एक फुंकर मारली आणि चित्र आलं. मुलगा दोन डाव खेळला, कंटाळला. "ह्यात काहीच होत नाही," म्हणाला आणि बाहेर पळाला.

मग आबांनी रिमोट घेतला. दोन्ही हातांनी. अंगठा दाबतो, सुटतो, करंगळी अजून वाकडी. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. एक डाव त्यांनी एकट्यानं काढला, चांगला काढला. मग उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि रिमोट खाटेच्या कडेला सरकवला.

मी खाली बसले. खाटेवर बसले असते तरी आता कुणी काही म्हणालं नसतं, सासूबाई तर मुळीच नाही. पण बटण तिथूनच बरोबर हाताशी येतं. मी पदर नीट केला, बोट ठेवलं. वरून तीन रणगाडे उतरायला लागले.

आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "रणगाडा, सूनले सांग, तुनी मायनी गत चहा ठेव म्हणा, गूळना."

माझी आई चहा गुळाचा करते, हे त्यांना मी कधी सांगितलं होतं कोण जाणे. माहेरी जाता-येता कंडक्टरांशी काही बोलले असेन, त्यांच्याकडून कळलं असेल.

"रणगाड्या," मी म्हटलं, "आबांना सांग, आधी ठाणं वाचवा. चहा मग."

"हान!" आबा म्हणाले.